पुतळे आणि शेजारी

11 मार्च 1893 रोजी पुण्यात एक लग्न झालं. वर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे, पस्तिशीच्या उंबरठ्यावरचे विधुर. वधू गोदूबाई, देवरुखच्या जोशी घरातली बालविधवा. धोंडो केशव कर्वे पुढे शंभरी ओलांडून जगले, त्यांना भारतरत्न मिळालं, लोक त्यांना महर्षी म्हणू लागले. पण त्या दिवशी ते कोकणातल्या मुरूड गावचे, नुकतेच प्राध्यापक झालेले एक गृहस्थ होते, एवढंच. लग्नानंतर ते गावी गेले तेव्हा गावकऱ्यांनी बैठक भरवली आणि त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं ठरलं. आईच्या वाट्याला आलेलं दुःख कर्व्यांना शेवटपर्यंत बोचत राहिलं.

विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळून तेव्हा 37 वर्षं झाली होती. 1856 चा कायदा पुस्तकात होता. त्याच्या बाजूने शास्त्राधार काढून झाले होते, निबंध लिहून झाले होते, पुण्या-मुंबईत सभा गाजल्या होत्या. विधवेचं पुन्हा लग्न व्हायला हरकत नाही, हे मनातून पटलेली शिकलेली माणसं शेकड्यांनी असावीत. तरी लग्नं बोटांवर मोजण्याइतकीच होत. एखादी गोष्ट पटणं आणि ती हातून घडणं यांच्यामधलं हे अंतर माणसं कशाने ओलांडतात? बहुतेक वेळा, आधी ओलांडून गेलेल्या माणसाला पाहून. पण पाहणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं, कोणाला पाहून ते होतं आणि कोणाला पाहून अजिबात होत नाही, हे सरळ नाही. ते समजून घ्यायचा प्रयत्न या प्रकरणात करू.

पाहून शिकण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग 1961 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झाला. अल्बर्ट बंडुरा आणि त्यांच्या सहकारी डोरोथिया रॉस व शीला रॉस यांनी तीन ते सहा वर्षांची 72 मुलं घेतली. काही मुलांसमोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवत होतं. त्याला हातोडीने मारणं, हवेत उडवणं, वर तोंडाने विशिष्ट शब्द बोलणं असं सगळं चालू होतं. काही मुलांसमोर तेच मोठं माणूस शांतपणे दुसऱ्या खेळण्यांशी खेळत बसलं. नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडलं, तेव्हा मारहाण पाहिलेल्या मुलांनी तेच फटके, तेच शब्द जसेच्या तसे काढले. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, बक्षीस दिलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. त्या काळात मानसशास्त्रात असा समज पक्का होता की माणूस शिकतो ते स्वतःला मिळणाऱ्या बक्षिसातून आणि शिक्षेतून. बंडुरांनी दाखवलं की दुसऱ्याला नुसतं पाहूनही शिकणं होतं. बाहुला मारण्यासाठीच बनवलेला असतो, त्याला मारणं आणि माणसाला मारणं एक नव्हे, हा आक्षेप योग्यच आहे. पण मला त्या प्रयोगापेक्षा बंडुरांनीच 1965 मध्ये केलेला पुढचा प्रयोग फार मोलाचा वाटतो आणि तो तुलनेने कमी लोकांना माहीत आहे.

या वेळी मुलांना मारहाणीची फिल्म दाखवली, पण शेवट तीन प्रकारचे ठेवले. एका फिल्ममध्ये मारणाऱ्याला खाऊ आणि शाबासकी मिळते. दुसरीत त्याला रागावतात, मारतात. तिसरीत काहीच होत नाही. ज्यांनी शिक्षेचा शेवट पाहिला त्या मुलांनी नक्कल खूप कमी केली. इथवर अपेक्षेप्रमाणेच झालं. नंतर मात्र बंडुरांनी सगळ्याच मुलांना सांगितलं, की त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखवा, प्रत्येक कृतीला एक स्टिकर आणि रस मिळेल. त्याबरोबर तिन्ही गटांतला फरक मावळला. शिक्षा पाहिलेल्या मुलांनाही सगळं येत होतं. ती शिकलेली होती, फक्त करत नव्हती.

हा निष्कर्ष घेऊन पुन्हा मुरूडच्या त्या बैठकीकडे पाहिलं की बहिष्काराचा अर्थ उलगडतो. बहिष्कार एकट्या कर्व्यांसाठी नव्हता. तो बघणाऱ्यांसाठी होता. असं करणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना दिसावं, अशी ती व्यवस्था होती. जातपंचायतींनी शतकानुशतकं हे तंत्र वापरलं, कारण ते लागू पडतं. पण त्याला एक मर्यादा आहे. पाहणाऱ्याच्या हाताला ते आवर घालतं, त्याने पाहिलेलं पुसू शकत नाही. गावातल्या प्रत्येक घराला आता माहीत झालं होतं की असं लग्न होऊ शकतं, शिकलासवरला कुलीन माणूस ते करू शकतो, आणि वाळीत पडूनही तो आपल्या बायकोबरोबर सुखाने संसार करतो आहे. पुढची वीस-तीस वर्षं कर्वे आणि आनंदीबाई (लग्नानंतर गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं, पुढे त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या) लोकांच्या डोळ्यांसमोर जगत राहिली. शिक्षेचा शेवट हळूहळू बदलत गेला.

या गोष्टीला वीस वर्षं आधीची एक दुखरी बाजू आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे विधवाविवाहाच्या चळवळीतलं सगळ्यात आदरणीय नाव. 1873 मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचं निधन झालं. रानडे एकतीस वर्षांचे होते. आता ते विधवेशी लग्न करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांचा विरोध कडवा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस रानड्यांनी वडिलांनी ठरवलेल्या अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्यांनी वडिलांचं मन राखलं. त्यांच्या जागी दुसरा मुलगा कसा वागला असता, हे आज आरामात बसून ठरवू नये. पण परिणाम व्हायचा तो झाला. विरोधकांच्या हाती कायमचं कोलीत मिळालं आणि काठावर बसलेल्यांना घरी परतायला कारण मिळालं. याच चळवळीतले विष्णुशास्त्री पंडित यांनी पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर विधवेशी लग्न केलं. विद्वत्तेत आणि अधिकारात रानडे त्यांच्याहून कितीतरी मोठे, पण या एका बाबतीत लोकांना दाखवण्यासारखं काही होतं ते विष्णुशास्त्र्यांकडे.

बोलणं आणि करणं यांची फारकत झाली की पाहणारा काय उचलतो? जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक या संशोधकांनी 1970 मध्ये हे शाळकरी मुलांवर तपासलं. मुलं एक खेळ खेळून बक्षिसाची कुपनं जिंकत आणि त्यांतली काही दानपेटीत टाकू शकत. आधी दुसरं कोणी तोच खेळ खेळताना त्यांना दिसे. ते कधी दान करे, कधी सगळं स्वतःकडे ठेवी. त्याचं बोलणं मात्र करणीशी जुळेलच असं नव्हतं. दान करणारा स्वार्थाची तरफदारी करी, न करणारा दानाचं महत्त्व सांगे. मुलांनी दान किती केलं हे समोरच्याने काय केलं त्यावर ठरलं. पण त्या मुलांना नंतर दुसऱ्या मुलासाठी दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी काय उपदेश केला हे समोरच्याने काय उपदेश केला त्यावर ठरलं.

म्हणजे ढोंगी माणसासमोर वाढलेलं मूल नुसतं गोंधळत नाही. ते दोन्ही गोष्टी नीट शिकतं. दान चांगलं असतं असं म्हणायचं असतं आणि पैसे खिशात ठेवायचे असतात, हे त्याला कळतं. आपल्या समाजातल्या कितीतरी वर्तनाचा उलगडा मला या एका प्रयोगात दिसतो. हुंड्याविरुद्ध भाषण ठोकणारा तरुण स्वतःच्या लग्नात गप्प बसतो, तेव्हा त्याने काही विसरलेलं नसतं. त्याने घरी दोन्ही धडे गिरवलेले असतात.

याचा सगळ्यात रोजचा नमुना प्रत्येक घरात आहे. दारात कोणी येतं किंवा फोन वाजतो आणि मुलाला सांगितलं जातं, ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग.’ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या 186 मुलांवर असाच काहीसा प्रयोग केला. काही मुलांना संशोधक म्हणाली, शेजारच्या खोलीत खाऊचं मोठं भांडं आहे. मग लगेच कबूल केलं की नाही, तुला इथे आणायला मी खोटं बोलले. नंतर त्या मुलांना एक खेळणं पाठीमागे ठेवून एकटं सोडलं आणि वळून पाहू नकोस असं बजावलं. ज्यांच्याशी खोटं बोललं गेलं नव्हतं त्यांतल्या शाळकरी वयाच्या सुमारे 60 टक्के मुलांनी वळून पाहिलं आणि पाहणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के खोटं बोलली. ज्यांच्याशी खोटं बोललं गेलं होतं त्यांत पाहणारी 80 टक्क्यांच्या आसपास आणि पाहिलेल्यांत खोटं बोलणारी 90 टक्क्यांच्या आसपास निघाली. एका अनोळखी बाईच्या एका खोट्याने एवढा फरक पडला. आईवडिलांच्या रोजच्या खोट्यांनी काय होत असेल, याचा हिशोब प्रत्येकाने आपापल्या घरापुरता करावा.

मग गोष्टींचं काय? आपण मुलांना चांगलं वागणं शिकवतो ते मुख्यतः गोष्टी सांगून. लांडगा आला रे आला ही गोष्ट न ऐकलेलं मराठी मूल सापडणं कठीण. व्हिक्टोरिया तलवार, कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्येच गोष्टींची परीक्षा घेतली. खोटं बोलण्याची संधी मिळेल अशा परिस्थितीत मुलांना ठेवलं आणि खरं विचारण्याआधी एक गोष्ट वाचून दाखवली. लांडग्याची गोष्ट आणि खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकिओची गोष्ट, दोन्हींचा काहीच परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाच्या गोष्टीचा. लहान जॉर्ज झाड तोडल्याचं कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणाचं कौतुक करतात. ती गोष्ट ऐकलेली मुलं जास्त खरं बोलली. संशोधकांनी मग त्या गोष्टीचा शेवट बदलून शिक्षेचा केला, तर परिणाम नाहीसा झाला. खोटं बोलणाऱ्याची दुर्दशा पाहून मूल खरं बोलू लागत नाही. खरं बोलून निभावून गेलेला मुलगा पाहिला तर त्याला खरं बोलायचा धीर येतो. वॉशिंग्टनची ती गोष्ट पार्सन वीम्स नावाच्या चरित्रकाराने बहुधा मनानेच रचली, पण परिणाम व्हायला तेवढ्याने अडलं नाही.

आपल्याकडे 1 ऑगस्टला शाळाशाळांत टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली जाते. वक्तृत्व स्पर्धेत लहान मुलं मुठी आवळून ती म्हणतात. या प्रयोगाच्या कसोटीवर ती गोष्ट चांगली उतरावी. न केलेल्या चुकीची शिक्षा नाकारणारा मुलगा तीत ताठ उभा राहतो, मोडत नाही. पण ती ऐकणाऱ्या मुलाला आपल्या वर्गात कधी असं कोणी उभं राहिलेलं दिसतं का? मास्तरांसमोर ‘मी केलं नाही’ म्हणणाऱ्या मुलाचं त्या वर्गात प्रत्यक्ष काय होतं? माझ्या मते गोष्टीचा परिणाम व्यासपीठावर ठरत नाही, या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो.

इथे आपण पुतळ्यांपाशी येतो. ‘माझा आदर्श’ हा निबंधाचा विषय मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो आणि उत्तरात शिवाजी महाराज, टिळक, सावित्रीबाई, बाबासाहेब, कलाम येतात. ही माणसं मोठी आहेत याबद्दल दुमत नाही. अडचण अशी की त्यांचं मोठेपण मुलाच्या हाताला लागत नाही. कॅनडातल्या पेनेलोपी लॉकवुड आणि झिवा कुंडा यांनी 1997 मध्ये हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षातल्या एका विलक्षण हुशार विद्यार्थ्याची माहिती वाचायला दिली. पहिल्या वर्षाची मुलं ती वाचून उभारी धरू लागली, कारण त्यांच्याजवळ वेळ होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांना उभारी आली नाही, कारण त्यांची ती संधी सरली होती. एकाच माणसाचं उदाहरण एकाला वर उचलतं आणि दुसऱ्याला जागच्या जागी ठेवतं. हे सगळं तिथवर पोचण्याची वाट दिसते की नाही, यावर ठरतं.

हे यशाबद्दल झालं. नीतीबद्दल हेच खरं आहे का, हे ह्येमिन हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात तपासलं. त्यात दक्षिण कोरियातल्या शाळकरी मुलांच्या वर्गांवरचा प्रयोगही होता. थोर ऐतिहासिक माणसांची उदाहरणं आणि मुलांच्या आसपासच्या, त्यांच्यासारख्याच माणसांची उदाहरणं यांची तुलना केली. स्वेच्छेने समाजसेवा करण्याकडे मुलांना जास्त वळवलं ते जवळच्या, जमेल असं वाटणाऱ्या उदाहरणांनी. थोरांच्या कहाण्यांनी मन भरून येतं. पण ‘ते थोरच होते, आपण कुठे’ ही पळवाटही त्याच कहाणीत दडलेली असते. माणसाला उंच चौथऱ्यावर बसवलं की त्याचं अनुकरण करण्याच्या जबाबदारीतून आपण सुटतो.

महर्षी कर्व्यांना हे फार लवकर उमगलं असावं, असं मला त्यांच्या आयुष्याकडे पाहून वाटतं. लग्नानंतर सुरुवातीला त्यांनी विधवाविवाहाच्या प्रचाराचंच मंडळ काढलं. पण थोड्याच वर्षांत त्यांनी आपला भर बदलला. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तिथे पुनर्विवाहाचा आग्रह नव्हता, शिक्षणाचा होता. स्वतः त्यांनी जे केलं ते करायला लोक तयार नव्हते. पण विधवा मुलीला दोन अक्षरं शिकू देणं, तिला नर्स किंवा शिक्षिका होऊ देणं, एवढी पायरी एखाद्या धास्तावलेल्या बापालाही चढता येण्यासारखी होती. काही सुधारकांना ही माघार वाटली. मला ती मोठी समज वाटते. आपण जिथे उभे आहोत तिथे लोकांनी एका उडीत यावं असा हट्ट न धरता, त्यांना दिसेल अशी पुढची पायरी त्यांनी बांधून दिली. 1916 मध्ये त्यातूनच महिला विद्यापीठापर्यंत मजल गेली.

या पायऱ्या माणसांच्या होत्या, हे गोदूबाईंच्या बाजूने पाहिलं की जास्त स्पष्ट होतं. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. रमाबाई स्वतः विधवा, केस राखलेल्या, शिकलेल्या, जगभर फिरून आलेल्या. गोदूबाई त्या सदनात राहायला गेलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. रमाबाई त्यांच्यासाठी पुस्तकातल्या नव्हत्या, त्या रोज सकाळ-संध्याकाळ समोर वावरत होत्या. विधवा बाई ताठ मानेने हिंडते, बोलते, निर्णय घेते, हे गोदूबाईंनी जवळून पाहिलं. मग गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वती. त्याही तरुणपणी विधवा झाल्या, पदरात मूल होतं. बहिणीचं पुन्हा लग्न झालं तेव्हा त्यांनाही घरच्या इतरांसारखा धक्काच बसला होता. त्या हिंगण्याला आल्या त्या शिकायला. स्वतः त्यांनी पुनर्विवाह केला नाही, पण आश्रमासाठी निधी गोळा करत त्या गावोगाव हिंडल्या, भाषणं केली, चाळिशीनंतर केशवपनाची रूढी झुगारली, आणि 1918 मध्ये फारसं इंग्रजी न येता अमेरिकेला गेल्या. पार्वतीबाई आठवले हे नाव आज कमी लोक घेतात. बहिणीचा कित्ता त्यांनी जसाच्या तसा गिरवला नाही. विधवेचं आयुष्य तिथेच संपत नाही, एवढं त्यांनी बहिणीकडे पाहून ओळखलं आणि पुढचा रस्ता स्वतःचा काढला.

कर्व्यांच्या घरातच याहून लखलखीत उदाहरण आहे. पहिल्या पत्नी राधाबाईंचा मुलगा रघुनाथ. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, जेव्हा हा शब्द चारचौघांत उच्चारणंही कठीण होतं. 1925 मध्ये त्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले सोसले, दारिद्र्य सोसलं. वडिलांचा विषय त्यांनी घेतला नाही. वडिलांची श्रद्धा, संयम, स्वभावही घेतला नाही. लग्नानंतरचा बहिष्कार त्यांनी अकराव्या वर्षी पाहिला होता. जे बरोबर वाटतं ते करावं आणि त्याची किंमत कुरकुर न करता भरावी, हे त्या घरात कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पिढीतून पिढीत जातं ते मत नसून किंमत मोजण्याची सवय असते, असं मानायला मला हे एक घर पुरेसं वाटतं.

किंमत मोजणाऱ्यावर लोक चिडतात का, हाही प्रश्न इथे टाळता येत नाही. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि शाळेत जाताना सावित्रीबाई फुल्यांवर शेणमाती फेकली जाई, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर ठेवत असं सांगतात. त्या कोणाच्या वाटेत आडव्या येत नव्हत्या, कोणाला शिव्या देत नव्हत्या, चालत शाळेत जात होत्या. एवढ्याने संताप का यावा? बेन्वा मोनँ आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक सूचक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना तीन संशयितांपैकी चोर ओळखायला सांगितला होता आणि पुरावा असा रचला होता की बोट कृष्णवर्णीय माणसाकडेच जावं. एकाने मात्र हे काम अन्यायाचं आहे म्हणून नकार दिल्याचं दाखवलं. ज्यांनी हे काम स्वतः केलं नव्हतं त्यांना नकार देणारा आवडला. ज्यांनी आधीच ते निमूट केलं होतं त्यांना तो आवडला नाही. नकार देणाऱ्याने त्यांना काही म्हटलं नव्हतं. त्याचं असणंच त्यांना टोचलं, कारण तेही नकार देऊ शकत होते हे त्याच्यामुळे उघड झालं. याच अभ्यासात पुढे असंही आढळलं की ज्यांना आधी आपल्या एखाद्या चांगल्या गुणाबद्दल लिहायला सांगितलं होतं, त्यांचा राग बराच कमी झाला. स्वतःबद्दल थोडी बरी भावना असलेला माणूस दुसऱ्याचं चांगुलपण सहन करू शकतो. मुलांना ‘बघ जरा, शेजारचा बंड्या कसा वागतो’ असं हिणवून सांगणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावं. अशाने बंड्या आदर्श होत नाही, शत्रू होतो.

हे सगळं एक-दोन घरांपुरतं, प्रयोगाच्या खोलीपुरतं आहे असं कोणी म्हणेल. मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण आपल्याच देशात आहे आणि ते जगभर अभ्यासलं जातं. 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतींच्या प्रमुखपदांपैकी एक तृतीयांश पदं स्त्रियांसाठी राखीव झाली. पश्चिम बंगालमध्ये कोणती पंचायत राखीव होणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरत असल्याने, संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे, पेट्या टोपालोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीरभूम जिल्ह्यातल्या गावांत लोकांना एकच भाषण ऐकवलं, कुठे पुरुषाच्या आवाजात, कुठे बाईच्या. जिथे कधीच स्त्री प्रधान, म्हणजे पंचायतीची प्रमुख, झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातलं तेच भाषण कमी लेखलं. जिथे स्त्री प्रधान होऊन गेली होती तिथे हा फरक जवळपास उरला नव्हता. गंमत म्हणजे बाई नेता असावी का, या आवडीनिवडीत पुरुष फारसे बदलले नव्हते. त्यांना ती आवडत नव्हती, पण तिला काम जमतं हे त्यांना दिसलं होतं. आवड बदलायला वेळ लागतो, न्याय करण्याची रीत मात्र आधी बदलू शकते. माझ्या दृष्टीने नीतीचा मोठा भाग याच दुसऱ्या गोष्टीत आहे.

याच संशोधकांपैकी चौघींनी 2012 मध्ये 495 गावांमधल्या 11 ते 15 वर्षांच्या 8,453 मुलामुलींचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास मांडला. मुलगा किती शिकावा आणि मुलगी किती शिकावी, याबद्दलच्या पालकांच्या आकांक्षांत मोठी तफावत होती. दोन वेळा राखीव झालेल्या गावांत ती तफावत पालकांमध्येही कमी झाली आणि मुलांमध्ये 32 टक्क्यांनी. शिक्षणातलं मुलामुलींमधलं अंतर तिथे पुसलं गेलं आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळही कमी झाला. गावात मुलींसाठी नवे रोजगार आले नव्हते, म्हणून लेखिकांनी याचं श्रेय डोळ्यांसमोर असलेल्या बाईला दिलं.

महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतराज संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. इथे लगेच सरपंचपतीचा मुद्दा निघतो. बाई नावाला, कारभार नवऱ्याचा. हे खूप ठिकाणी खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालू नये. मुलीने पाहिलं की सही बाईची आणि शब्द नवऱ्याचा, तर ब्रायन-वॉलबेकच्या मुलांप्रमाणे ती दोन्ही शिकेल. पण बीरभूमच्या निष्कर्षांत वेळेबद्दल जे दिसतं ते या वादात कोणी बोलत नाही. आरक्षण पहिल्यांदा आलेल्या गावांत स्त्री प्रधानांनी काम बरं करूनही लोकांनी त्यांना पुरुषांपेक्षा कमी गुण दिले. मुलींच्या आकांक्षांवरचा परिणामही एकदाच राखीव झालेल्या गावांत ठळक दिसला नाही. तो दुसऱ्या खेपेला दिसला. दोन खेपांनंतर पुढच्या निवडणुकीत जागा राखीव नसतानाही त्या पंचायतींत जास्त स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पहिल्या खेपेच्या प्रधानांना आपल्या कामाचं श्रेय त्यांच्या कारकिर्दीत मिळालंच नाही, ते त्यांच्यामागून आलेल्यांच्या पदरात पडलं.